आग्या आणि ठकूबाईचा तरवा

टीव्हीवरचा सुपरहिरो आकाशातून उतरायचा, दुष्टांना लोळवायचा, त्या भरात चार इमारती पाडायचा, एखादा पूल वाकवायचा आणि मूठ पुढे करून ढगात निघून जायचा. आम्ही सगळे टाळ्या वाजवायचो. निसारभाई तेवढे वाजवायचे नाहीत. ते पडद्यावरच्या ढिगाऱ्याकडे बोट करून विचारायचे, "त्यो गेला निघून. आता ह्ये कोन आवरनार?"

मला त्यांच्या या सवयीचा वैताग यायचा. मस्त रंगलेल्या चित्रात हा माणूस झाडू घेऊन शिरायचा. "अहो भाई, गोष्ट आहे ती," मी म्हणायचे. "व्हय की," ते म्हणायचे, "पन त्या खालच्या दुकानवाल्याचं काय?" आणि खरंच, मग मलाही तो दुकानवाला दिसायला लागायचा. आज निसारभाई नाहीत. पण माझी नातवंडं मोबाईलवर असलं काही बघत असली, की मी मागून विचारते, आता हे कोण आवरणार? पोरं वैतागतात. वैतागू देत.

निसारभाई आमच्या भागातले केबलवाले. नसरापूरच्या पेठेत त्यांचा एक गाळा होता. त्यात यंत्रांची मांडणी, एक कॅमेरा आणि मागे निळा पडदा. तिथून निघालेल्या तारा कुठे खांबावरून, कुठे आंब्याच्या फांदीवरून, तर कुठे कुणाच्या गोठ्यावरून वरवे, कामथडी करत पार राजगडाच्या पायथ्याला पालीपर्यंत पोचल्या होत्या. मी कामथडीला शाळेत शिकवायचे आणि संध्याकाळी त्या निळ्या पडद्यापुढे बसून निसारभाईंच्या चॅनलवर बातम्या वाचायचे. बातम्या म्हणजे कुणाची म्हैस सुटली, कुठल्या वस्तीला आज वीज नाही, कुणाच्या पोराला नोकरी लागली. पण ऐकायला माणसं जेवणं थांबवून बसायची.

दिसायला ते ठेंगणे, पोट जरासं पुढे, केस मेंदीनं तांबूस. शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात, हे पक्कड ठेवायचे. त्यानं खिसा फाटायचा, म्हणून त्यांच्या बायकोनं, शाहीनभाभींनी, सगळ्या शर्टांचे खिसे दुहेरी कापडाचे शिवले होते. कुणाच्या घरी गेले तरी खुर्चीवर बसायचे नाहीत. पायाला चिखल असतो म्हणून उंबऱ्यावरच टेकायचे आणि बशीत चहा ओतून सावकाश प्यायचे. बोलता बोलता काही महत्त्वाचं सांगून झालं, की समोरच्याच्या डोळ्यांत बघून विचारायचे, "सिग्नल आला का?" म्हणजे कळलं का. आपण हो म्हटल्याशिवाय पुढे सरकायचे नाहीत.

एकदा वरव्याची वीज गेली, तीही नेमकी सगळ्या बायका जीव टांगणीला लावून बसल्या होत्या त्या मालिकेच्या वेळेला. निसारभाईंनी तो भाग गाळ्यात पाहिला होता. दुसऱ्या दिवशी तारेचं काम काढून ते वरव्यात गेले आणि उंबऱ्या-उंबऱ्यावर बसून काय घडलं ते सांगत सुटले. एका घरात एक म्हातारी ऐकता ऐकता रडायला लागली. घरातून काढून दिलेली सून परत येत नाही, हे तिला सोसवेना. निसारभाईंना तिचं रडणं सोसवेना. त्यांनी तिच्यापुरती ती सून परत आणली. झालं! संध्याकाळी नळावर भांडण पेटलं, सून आली की नाही आली. निसारभाईंच्या कानावर गेलं तसे ते पुन्हा त्या म्हातारीकडे गेले आणि म्हणाले, "आज्जे, म्या खोटं सांगितलं. ती आली न्हाई." म्हातारीनं त्यांना शिव्या घातल्या आणि चहाही दिला.

असा हा माणूस सुपरहिरो झाला, त्याला कारण आमच्या शाळेतली पोरं. टीव्हीवरचं बघून पोरं गोठ्याच्या पत्र्यावरून उड्या टाकायला लागली होती. निसारभाई म्हणाले, "बाई, त्यांला आपला हिरो देऊ. हितला. आपल्या मातीत चालनारा." मी संवाद लिहायचे, त्यांच्या मेव्हण्यानं कॅमेरा धरायचा आणि हिरो निसारभाईंनी व्हायचं असं ठरलं. हिरोचं नाव ठेवलं आग्या. राजगडाच्या कड्यांना आग्यामोहोळं लोंबत असतात आणि फार दंगा करणाऱ्या ट्रेकरांना अधूनमधून प्रसाद देतात. तसा हा आग्या. पिवळा रेनकोट, त्यावर काळ्या चिकटपट्टीचे पट्टे आणि तोंडावर मोटारसायकलच्या सीटच्या रेक्झिनचा मुखवटा, शाहीनभाभींनी शिवलेला. शत्रू होता पोकलेनशेठ, रात्रीत डोंगर पोखरून नेणारा. ते काम पेठेतला औषधांचा दुकानदार फार हौसेनं करायचा.

पोट सुटलेला सुपरहिरो बघून लोक हसतील अशी मला धास्ती होती. मोठी माणसं हसलीही. पोरांना मात्र पोट दिसलंच नाही. रविवारी सकाळी आग्या लागला की आमच्या गावच्या गल्ल्या ओस पडायच्या. मुखवट्याआड कोण आहे याच्यावर पोरांच्या पैजा लागायच्या. कुणी म्हणे लष्करातला माणूस आहे, कुणी म्हणे गडावरच राहतो. निसारभाईंचा आवाज ओळखीचा, म्हणून आग्याला आवाज मेव्हण्याचा दिला होता. आम्हा मोठ्यांना सगळं ठाऊक होतं आणि एकानंही ते पोरांपुढे फोडलं नाही. आमच्या भागात कुणाची सोयरीक मोडली तर ती बातमी त्या दोघांच्या आधी गावाला कळते. तिथे एवढं गुपित राहिलं, यावरून निसारभाईंबद्दल लोकांना काय वाटत होतं ते ओळखा.

आणि मग ती आषाढातली उडी आली.

पालीच्या खालच्या अंगाला चित्रण होतं. पोकलेनशेठचा टेम्पो पोरांच्या अंगावर येतो आणि आग्या बांधावरून झेप घेऊन तो अडवतो, असा प्रसंग. निसारभाईंनी उंच ताल, म्हणजे रचलेल्या दगडांचा बांध, निवडली होती. तिच्या खाली चिखलणी करून ठेवलेलं भाताचं रिकामं खाचर होतं, म्हणजे लागायची भीती नाही. त्या खाचराला लागून ठकूबाईचा तरवा होता. लावणीच्या आधी एका तुकड्यात दाट पेरून भाताची रोपं वाढवतात, तो हा तरवा. तोच उपटून मग सगळ्या खाचरांत लावायचा. म्हणजे तो हिरवा तुकडा दिसायला एवढासा, पण वर्षाचा भात त्यात उभा असतो. ठकूबाईचा इंद्रायणीचा तरवा ऐन उपटणीला आला होता.

तीन गावची पोरं बघायला जमलेली. पाऊस भुरभुरत होता. निसारभाई धावत आले आणि ऐन उडीच्या वेळी ओला मुखवटा घसरून डोळ्यांवर आला. भोकं गेली गालावर आणि उडी गेली तरव्यात. नुसते पडले नाहीत, तर पोटावर पार दुसऱ्या टोकापर्यंत घसरत गेले. तेवढ्यानंही निभावलं असतं. पण पोरांना वाटलं, हीच खरी झेप. "आग्या आला रं!" करत ती सगळी त्याला उचलायला धावली, सरळ तरव्यातून. आम्ही ओरडलो, पण ऐकतंय कोण? पोरं बाजूला झाली तेव्हा खाली हिरवं काही उरलं नव्हतं. सगळी रोपं चिखलात मोडून गेली होती.

ठकूबाई वरच्या खाचरातून आली. पन्नाशीची, काटक, नवऱ्यामागं एकटीनं शेती ओढणारी बाई. जिभेची अशी तिखट, की ग्रामसेवक तिचं घर टाळून जायचा. त्या दिवशी मात्र ती तुडवलेल्या तुकड्याभोवती एकदा फिरली, वाकून एक मूठ रोपं उचलली आणि टाकून दिली. पुन्हा पेरायला वेळ राहिला नव्हता. तरवा नाही तर लावणी नाही, आणि लावणी नाही तर वर्षभर घरात भात नाही. हे तिथे कुणाला सांगावं लागत नव्हतं.

निसारभाई चिखलानं बरबटलेले, मुखवटा तिरपा, तसेच तिच्यापुढे उभे राहिले आणि पोरांना ऐकू जाणार नाही असं पुटपुटले, "आत्या, चूक झाली. सांगाल ते करतो."

"आदी त्वांड दाव," ठकूबाई म्हणाली. "कुनाशी बोलतीया ते तरी कळू दे."

भोवती पोरं होती. निसारभाई मान खाली घालून तिच्या गोठ्याकडे चालू लागले. ती मागून गेली, मीही गेले. गोठ्यात त्यांनी मुखवटा काढला. ठकूबाईनं ओळखलं होतंच, पण तिला तो चेहरा बघायचा होता.

"लावण्या चालल्यात," ती म्हणाली. "लोकांची लावनी उरकली की तरवा उरतो. इंद्रायनी कुनाकुनाकडं हाय ते म्या सांगते. पन मागायला म्या जानार न्हाई. तू तुडवलास, तू माग. आन् आमच्यात तरवा मागायचा तर उघड्या त्वांडानं. डोस्क्यावरचं इरलंसुदीक खाली ठिवायचं, बांधाला हुबं ऱ्हायचं, कुनासाटी न् कशापायी ते सांगायचं."

ही रीत मलाही ठाऊक होती. उरलेला तरवा कुणी विकत नाही आणि कुणी मागितल्याशिवाय देतही नाही. मागणाऱ्यानं भर पावसात डोकं उघडं करून बांधावर उभं राहायचं असतं.

परतताना टेम्पोत मी निसारभाईंना माझ्या मते शहाणपणाचा सल्ला दिला. म्हटलं, "तुम्ही निसार म्हणून जा, गुपचूप. कॅमेरा नको, वेष नको. तरवा मिळेल, ठकूबाईची लावणी होईल. आणि पुढच्या भागात आग्या पोकलेनशेठला धरेल. पोरांचं मन कशाला मोडता?"

ते म्हणाले, "बाई, पोरांनी तुडवताना कुनाला बघितलं?"

"आग्याला."

"मंग मागायला निसार गेला, तर पोरांच्या लेखी आग्या उडून गेला की. आवरायला दुसराच कोन तरी आला." ते माझ्याकडे वळले. "आवो, इतकी वर्सं म्या काय इचारत आलोय? सिग्नल आला का?"

सिग्नल आला होता. पण मी हो म्हटलं नाही, इतका राग आला होता मला त्यांचा. एवढं उभं केलेलं सगळं हा माणूस आपल्या हातानं मोडायला निघाला होता.

शाहीनभाभींनी तो रेनकोट धुऊन, पट्टे नव्यानं चिकटवून दिला. देताना एवढंच म्हणाल्या, "उद्या खांबावर चढलात की पोरं हसतील तुम्हाला." निसारभाई म्हणाले, "हसू देत." पण मुखवटा त्यांनी हातात धरला आणि पेठेतून चालत गेले तोवर अंगठ्यानं त्याच्या कडा चाचपत होते. त्यांच्या आयुष्यात स्वतःच्या हौसेनं केलेली ती एकच गोष्ट होती.

मेव्हणा कॅमेरा प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून मागे चालत होता. मी छत्री धरून त्याच्या मागे. पहिलं खाचर पालीतल्याच एका शेतकऱ्याचं. बायामाणसं ओळीनं वाकून लावणी करत होती, बांधावर त्यांची पोरं. पिवळाजर्द आग्या बांधावर येऊन उभा राहिला तशी पोरं ओरडली. आग्यानं रेनकोटाची टोपी मागे टाकली, मुखवटा काढून पायाशी ठेवला आणि मेव्हण्याच्या नव्हे, स्वतःच्या आवाजात म्हणाला, "म्या निसार. केबलवाला. आग्या म्हनून फिरतो तो म्याच. ठकूबाईचा तरवा माझ्याकडनं तुडवला गेलाय. इंद्रायनीचा उरला आसंल तर द्या."

खाचरातला म्हातारा कंबरेवर हात ठेवून सरळ झाला आणि म्हणाला, "ऑ? मंग उडून का न्हाई आलास?" सगळ्या बाया खो-खो हसल्या. निसारभाईही हसले, पण जागचे हलले नाहीत. पाऊस त्यांच्या मेंदीच्या केसांवरून गळत होता. म्हाताऱ्यानं हसणं संपू दिलं आणि मग कोपऱ्याकडे हात केला. "त्या आंगाला हाय थोडा. उपटून घे."

असं ते बांधामागून बांध चालले. प्रत्येक बांधाच्या आधी मुखवटा पुन्हा चढवायचे आणि बांधावर पुन्हा काढायचे. मी म्हटलं, एकदा काढलात तेवढा पुरे, दरवेळी कशाला? तर म्हणाले, "ह्या बांधाच्या पोरांनी कुठं बघितलंय अजून?" एकानं साफ नाही म्हटलं, माझंच पुरत नाही म्हणाला. त्यालाही यांनी हात जोडले. एकीनं आधी पोटभर सुनावलं आणि मग मागितल्याहून जास्त दिला. दिवस कलला तेव्हा टेम्पोच्या हौद्यात रोपांच्या जुड्या रचलेल्या होत्या आणि रेनकोटावरचे काळे पट्टे सुटून लोंबत होते.

दुसऱ्या दिवशी ठकूबाईची लावणी झाली. निसारभाई आग्याच्या वेषात, मुखवट्याशिवाय, चिखलात उतरले. लावणी त्यांना मुळीच येत नव्हती. ओळ वाकडी जायची, रोप पार गळ्यापर्यंत खोल रुतायचं. ठकूबाई मागून येऊन त्यांची रोपं उपटून नीट लावायची आणि पुटपुटायची, "तुडवायला येतंय, लावायला न्हाई." हे सगळं कॅमेऱ्यात आहे.

रविवारी तो भाग लागला. शेजारच्या घरात माझ्या वर्गातली पोरं दाटीवाटीनं बसली होती, त्यांच्या मागे मी उभी. त्या भागात मारामारी नव्हती. पोकलेनशेठही नव्हता. एक माणूस बांधावरून बांधावर जातो आणि मागतो, एवढंच होतं. मुखवटा उतरला तेव्हा मी पडद्याकडे नाही, पोरांकडे बघत होते. आता हसतील, आता उठून जातील.

"ह्यो तर केबलवाला चाचा," एक मुलगी हळूच म्हणाली.

मग तिच्या शेजारची ताडकन उभी राहिली. "म्हंजी परवा आमच्या खांबावर आग्या चढला हुता? आमच्या?"

आणि मग जो गलका झाला! ज्याच्या-त्याच्या घरी आग्या येऊन गेला होता. कुणाच्या उंबऱ्यावर बसून चहा प्यायला होता, कुणाच्या आजीला मालिका सांगून गेला होता, कुणाच्या घरी तर पक्कड विसरला होता. मी छत्री न घेताच बाहेर पडले आणि पेठेच्या एसटीची वाट बघत उभी राहिले. डोळे पुसले, पाऊस होता म्हणून बरं. गाळ्यात निसारभाई एकटेच टीव्ही बंद करून बसले होते. त्यांना बघायचा धीर झाला नव्हता. मी म्हटलं, "भाई, सिग्नल आला." त्यांनी तोंडावरून हात फिरवला, मग पुन्हा फिरवला आणि मागच्या घरात हाक देऊन शाहीनभाभींना चहा टाकायला सांगितला.

त्यानंतर वरव्यात ते शिडी घेऊन खांबाशी गेले की पोरं गोळा व्हायची. "चाचा, शिडी कशाला? उडा की!" निसारभाई वरून सांगायचे, "उडनं बंद केलंय. खाली कुनाचं काय आसंल सांगता येत न्हाई." पोरांना हे पटायचं. आग्याचे आणखी काही भाग झाले, त्यात तो चालतच जायचा. त्या दिवाळीच्या आधी ठकूबाईचं खाचर तुकड्या-तुकड्यानं पिकलं. इतक्या घरचा तरवा, कुठे पिवळं, कुठे अजून हिरवं. रस्त्यावरूनही ओळखू यायचं. लोक त्याला आग्याचं खाचर म्हणायला लागले. ठकूबाईनं नवा तांदूळ शाहीनभाभींकडे पोचता केला, आणि बरोबर निरोप, की पुढच्या वर्षी लावणी शिकायला धाडा.

पुढे मोबाईल आले आणि तारा लोंबकळत राहिल्या. निसारभाई दुकानांत कॅमेरे बसवायचं काम करू लागले. पण आषाढ आला आणि कुणाचा तरवा ओढ्याच्या पुरानं गेला, की लोक त्यांना फोन करायचे. स्वतःसाठी मागायला माणसाला जड जातं आणि निसारभाईंना नाही म्हणणं त्याहून जड जायचं. वेल्ह्यापासून भोरपर्यंत कुणाकडे इंद्रायणी उरतो, हे त्यांना तोंडपाठ झालं होतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते कोरोनाच्या पहिल्या पावसाळ्यात. आम्हा शिक्षकांना घरोघर ताप तपासायची कामं दिली होती. मी पालीच्या रस्त्यानं चालले होते. त्या आठवड्यात पावसानं ठकूबाईच्या जावेचा तरवा वाहून नेला होता. खालच्या अंगाला एका खाचरात लावणी चालू होती, आणि लांब बांधावर रेनकोट घातलेला, तोंडाला मास्क लावलेला एक ठेंगणा माणूस उभा होता. तो काही तरी ओरडून सांगत होता. पाऊस आणि मास्क यांच्यामुळे खाचरातल्यांना काही कळत नव्हतं. ते संशयानं बघत होते. त्या दिवसांत बाहेरच्या माणसाला गावात कुणी घेत नव्हतं.

मग त्या माणसानं टोपी मागे टाकली. तरी ओळख पटेना. तेव्हा तो मागे सरकू लागला. एक बांध मागे, मग आणखी एक, मग आणखी एक. आपला श्वासही कुणापर्यंत पोचणार नाही एवढा लांब गेला आणि तिथे थांबून त्यानं मास्क खाली केला. केसांना मेंदी राहिली नव्हती, सगळे पांढरे झाले होते. तो तसाच तोंड उघडं ठेवून पावसात उभा राहिला. खाचरातल्या एका बाईनं डोळ्यांवर हात धरून नीट निरखलं आणि मग तो हात वर केला. निसारभाईंनी मास्क पुन्हा लावला, तेवढे सगळे बांध चालत परत आले आणि मग मागितलं.